भोयरकाकांनी चहा घेतला

रोप विकत घेताना माणसं पानं बघतात, फार तर कळी आलीय का ते बघतात. भोयरकाकांनी कढीपत्त्याचं रोप पिशवीसकट आडवं केलं, खालच्या भोकातून बाहेर आलेल्या मुळ्या निरखल्या, मातीचा वास घेतला आणि मला विचारलं, "हे काहून विकून रायले?"

"नर्सरी आहे काका," मी म्हटलं. "विकायलाच लावतो आम्ही रोपं."

पुण्यात जन्म काढल्यावर इतपत बोलायला येतंच. पण समोरच्या माणसाला टोमणा लागलाच नाही. "तसं नाई," ते गंभीरपणे म्हणाले, "इतक्या रोपांत हेच समोर काहून ठेवलं?" आणि मागच्या रांगेतलं एक किडकिडीत, कुणीही हात न लावलेलं रोप त्यांनी उचललं. पुढे ते रोप कसं आहे याची बातमी मला येता-जाता मिळत राहिली. बातमी नेहमी काळजीचीच असे. नवी पालवी आली तरी, "आली खरी, पण लवकर आली," असं म्हणत.

भोयरकाका मूळचे वर्ध्याकडचे. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लागले, तिथल्याच क्वार्टरमध्ये उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर बिबवेवाडीत आमच्या मागच्या इमारतीत राहायला आले. काकू आधीच गेलेल्या, मुलगी वर्ध्याला दिलेली. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. आमच्या फाटकापाशी आले की थांबायचे आणि स्वतःचे सगळे खिसे चाचपायचे. कारखान्यात शिरताना खिशात काडेपेटी तर सोडाच, एखादी चुकार काडीसुद्धा चालत नसे. ती सवय अंगात मुरलेली. एकदा मी म्हटलं, "काका, इथे ओल्या मातीत काय पेटणार आहे?" तर म्हणाले, "पेटत नाई असं वाटते, तिथंच पेटते."

एवढ्या वर्षांत त्यांची भाषा पुण्याची झाली होती. पण ती मन स्वस्थ असतानाची. काळजी वाटायला लागली की मूळची वऱ्हाडी वर यायची. त्यांच्याशी पुणेरी मराठीत बोलणं झालं असे प्रसंग मला फारसे आठवत नाहीत.

असा माणूस आमच्या भागात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, मग स्कूटर असो, रिक्षा असो की टेंपो, तर भोयरकाकांना घेऊन जायचं. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. ते मेकॅनिक नव्हते आणि तसं त्यांनी कधी भासवलंही नाही. त्यांच्याकडे होता तो फक्त संशय, पण तो तीस माणसांना पुरेल एवढा. गाडीत खोट असेल तर ती दाखवून "नको" म्हणायचे. "घ्या" मात्र त्यांनी कधीच, कुणालाच म्हटलं नाही. मग गाडी चांगली आहे हे कळायचं कसं? तर चहावरून. विकणाऱ्याच्या घरचा चहा त्यांनी नाकारला, की गाडी सोडायची. घेतला, की गाडी घ्यायची. "चहा पोटात गेला की भीड येते, अन् भीड आली की डोळे झाकतात," असं त्यांचं म्हणणं. म्हणून सगळं पाहून होईपर्यंत पाण्याखेरीज काही घ्यायचे नाहीत. हळूहळू तो नियमच होऊन बसला. गाडी बघायला गेलेल्या माणसाला घरून फोन यायचा, तो "गाडी कशी आहे?" असा नाही, तर "काकांनी चहा घेतला का?" असा.

आमच्यावर ती पाळी आली खराडीमुळे. तिथल्या एका कंपनीच्या ऑफिसांत आम्ही कुंड्या भाड्याने देतो. दर सोमवारी ताज्या कुंड्या न्यायच्या, सुकलेल्या परत आणायच्या. आमच्या घराची चूल या एका कामावर चालते म्हटलं तरी चालेल, कारण गल्लीतली माणसं मोगऱ्याचं एक रोप घ्यायला तीनदा येतात. भाड्याच्या टेंपोवाल्याने दोन सोमवार दगा दिला आणि तिथला व्यवस्थापक पोरगा, माझ्या भाच्याच्या वयाचा, मला म्हणाला, "मॅडम, नो ऑफेन्स, पण नेक्स्ट मंथपासून ओन व्हेइकल असेल तरच कंटिन्यू करू. टेंपोवाल्याची स्टोरी मी वर कितीदा सांगणार?"

साठवलेल्या पैशांत नवी पिकअप येत नव्हती. जुनी येत होती, पण एकदाच. ती फसवी निघाली असती तर दुसरी घ्यायची आमची ताकद नव्हती आणि खराडीचं कामही गेलं असतं. माझे यजमान महेश तसे धीराचे, पण त्या दिवसांत तेही जेवताना घास हातात धरून बसायचे. मी तर रस्त्यावरून जाणारी प्रत्येक पिकअप चोरासारखी न्याहाळायला लागले होते.

पहिली गाडी हडपसरच्या बाजूला एका जुन्या गाड्यांच्या अड्ड्यावर होती. सकाळी गेलो. गाडी अशी चकचकीत, की महेशचा चेहराच उजळला. काकांनी ना टायर पाहिले, ना रंग. सरळ पुढे जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग विकणाऱ्याला विचारलं, "सकायी सकायी कोनासाठी तापवली?"

"अहो, तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली."

"आम्ही येनार म्हनून तं थंडी ठेवाची होती," काका म्हणाले आणि चालायला लागले. थंड इंजिन सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होतं की कण्हतं, यातच अर्धी गाडी कळते, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. मागून तो माणूस "चहा तरी घ्या!" म्हणून ओरडत होता. महेश माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे.

दुसरी गाडी खडकीची, काकांच्याच जुन्या सहकाऱ्याची. तिथे गेल्यावर काका बदललेच. चौकाचौकात लोक त्यांना हाका मारत होते, "काय भोयरसाहेब, आज इकडे?" सहकाऱ्याने मिठी मारली, बाईंनी पोहे केले होते. काकांनी खिसे चाचपले, गाडीखाली पोतं अंथरून आडवे झाले, सांगाडा बोटांनी ठोकत ठोकत पुढून मागे गेले. इंजिन थंड होतं, धूर साधा होता, कागद चोख होते. मी मनातल्या मनात देवाला नारळ बोलले. मग चहा आला. काका म्हणाले, "नको."

"अरे, एका ताटात जेवलोय आपण," सहकारी म्हणाला.

"म्हनूनच नको."

तो माणूस इतका दुखावला की आम्हाला निरोप द्यायला दारापर्यंतही आला नाही. परतीच्या बसमध्ये महेशनी दात आवळून विचारलं, "काका, खोट काय होती?"

"दिसली नाई."

"मग?"

"दिसली नाई, म्हनून तं भेव वाटते."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. हा माणूस गाडी बघत नाही, स्वतःची भीती बघतो, असं वाटलं. आणि तीच गाडी आमच्याच भागातल्या एका पाण्याचे जार पोचवणाऱ्याने घेतली. धडधाकट चालते. आमच्या नर्सरीवरून जाताना तो मुद्दाम हॉर्न वाजवतो, आणि त्या वेळी तर तो हॉर्न मला थोबाडीत मारल्यासारखा लागायचा. काकांनाही ऐकू जायचा. ते कढीपत्त्याची पानं उलटी करून कीड शोधत बसायचे.

महिना संपत आला. खराडीहून दोनदा फोन आला. तेवढ्यात वाघोलीच्या पुढची एक गाडी कळली. मालक म्हणजे तिथले जुने शेतकरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. घरासमोर गोठा आणि गोठ्यामागे उंचच उंच नव्या इमारती. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काहून विकून रायले?"

अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. इमारतींकडे हात करून म्हणाले, "ते बगा. तितं आमचं रान व्हतं. भाजी ह्याच गाडीनं मार्केट यार्डाला जायाची. आता रानच न्हाई, तर गाडी काय दावनीला बांदू?"

काकांनी त्या इमारती खालपासून वरपर्यंत पाहिल्या. मग बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. किल्ली फिरवल्यावर गाडी जराशी खोकली आणि सुरू झाली. काकांनी पुन्हा बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. मग उन्हात पोतं अंथरून गाडीखाली गेले. अण्णा आणि महेश कागद बघायला गोठ्याच्या मागच्या सावलीत गेले. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याचं अण्णांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

काका गाडीखालून निघाले, उभे राहिले आणि एकदम गाडीच्या मागच्या फाळक्याला धरून खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. काळजीपायी सकाळपासून पोटात काही ढकललंच नव्हतं, हे त्यांनी नंतर कबूल केलं. मी घराकडे हाक मारली तशा अण्णांच्या बाई चहाचा कप घेऊन धावत आल्या. "घ्या ओ बाबा, लई साखर घातलीया. डोळं उगडा." मी काकांचं डोकं धरलं आणि बाईंनी कप ओठाला लावला. दोन-तीन घोट गेल्यावर त्यांनी कप स्वतःच्या हातात घेतला.

नेमक्या त्याच वेळी महेश गोठ्याच्या कोपऱ्यावरून डोकावले. त्यांना मी दिसले नाही, बाई दिसल्या नाहीत, पांढरे ओठ दिसले नाहीत. त्यांना दिसला फक्त कप. आनंदाने त्यांनी तिथल्या तिथे फोन काढला, अण्णांना विसार पाठवला आणि हात जोडतच आमच्याकडे आले. "झालं काका! व्यवहार केला!"

"कशाचा व्यवहार?"

"तुम्ही चहा घेतला ना!"

काका ताडकन उभे राहिले, पुन्हा बसले. "अरे बाप्पा! तो चहा नवता, औषध होतं! मले चक्कर आली म्हनून घेतला! अजून माल भरून चढावर नेली नाई मी गाडी! रिकामी गाडी कोनाचीबी पयते!"

अण्णांना काही उमगेना. त्यांना सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मंग विसार परत देतो की. आमचं काय आडलंय? फकस्त दुसऱ्या गिऱ्हाइकाला न्हाई म्हनून सांगितलंय आत्ताच, त्येला परत फोन लावतो."

महेशनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. ते "नको" म्हणाले असते तर मी सोडली असती. पण ते म्हणाले नाहीत. "घ्या" तर त्यांच्या तोंडून येणारच नव्हतं. हातातल्या रिकाम्या कपाकडे ते असे बघत होते, की जणू काही त्यातच सुरुंग आहे. डोळ्यांसमोर खराडीचा तो पोरगा आणि सोमवार होता. मी म्हटलं, "राहू द्या अण्णा. गाडी आमची."

परत येईपर्यंत काका पुन्हा पुन्हा खिसे चाचपत होते.

गाडी ताब्यात आली त्याच संध्याकाळी ते फाटकात हजर. "भरा," म्हणाले. ओल्या मातीच्या जडशीळ कुंड्या आम्ही हौद्यात काठोकाठ भरल्या. आमची नर्सरी रस्त्याच्या पातळीखाली आहे. वर यायला आखूड पण उभा चढ आहे आणि भाड्याचा टेंपोवाला तिथे कायम शिव्या द्यायचा. गाडी तो चढ चढली. काका म्हणाले, "हा काई चढ नोहे. कात्रजले चला."

जुन्या घाटात महेश गाडी चालवत होते, मधे मी आणि दाराशी काका. त्यांनी तळहात समोरच्या डॅशबोर्डवर सपाट टेकवला होता आणि डोळे मिटले होते. अर्ध्या घाटात मागून ठक्, ठक् असा आवाज यायला लागला. "थांबवा!" काका ओरडले. गेले, आता सगळं गेलं, असंच मनात आलं. उतरून बघतो तर हौद्यात विसरलेलं आमचंच खुरपं पत्र्यावर आपटत होतं. महेश इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. काका हसले नाहीत. जाऊन कठड्यावर बसले.

"वैशालीताई," थोड्या वेळाने ते मला म्हणाले, "कारखान्यात माझा शिक्का बसला की पेटी बाहेर जाये. मी सगयं पाहूनच शिक्का मारो. पन ती पेटी कुठं गेली, कोनाच्या हातात गेली, हातात नीट चालली का नाई, हे मले कधीच कयलं नाई. घरी येऊन जेवाले बसलो की वाटे, एखादी गोष्ट तं नाई सुटली? रिटायर झालो त्या दिवशी ठरवलं, आता शिक्का मारनं बंद. नको म्हनाले माझी जीभ अडत नाई. पन हो म्हटलं, की मले झोप नाई."

मला बसमधला माझा संताप आठवला. मी म्हटलं, "ही गाडी कुठे जाणार नाही काका. तुमच्या डोळ्यांसमोरच असेल." ते उठले. "चला," म्हणाले, "बोगद्यापर्यंत जाऊन पाहू." गेलो. गाडी गुरगुरत गेली, पण गेली.

सोमवारी कुंड्या वेळेत खराडीला पोचल्या. महेशचा फोन आला तेव्हा काका माझ्यासमोर उभे होते. मी सांगितलं, "पोचले." ते म्हणाले, "परत येऊ दे."

त्यानंतर त्यांचा नेमच झाला. सकाळी महेश गाडी सुरू करायच्या आधी काका फाटकात खिसे चाचपत उभे. आत येणार, बॉनेटवर हात ठेवणार, किल्ली फिरली की मान तिरकी करून ऐकणार. भारी माल असला की महेशसोबत जाणार, तळहात डॅशबोर्डवर टेकवून. मी रोज विचारायची, "काका, चहा?" आणि रोज उत्तर, "नको. अजून पाहून रायलो." पावसाळा गेला, हिवाळा गेला. बॅटरी एकदा बदलली, एक टायर बसला, इतकंच. खराडीच्या पोराने आणखी दोन मजल्यांचं काम दिलं. पाण्याच्या जारवाल्याच्या हॉर्नचं मला काही वाटेनासं झालं. पण काकांची तपासणी संपेना. शेवटी मी चहाचं विचारणं सोडून दिलं. त्यांची रोजची काळजी मला सवयीची झाली होती. खरं तर तिचा मला आधार वाटायला लागला होता, कारण आमच्या वाटचं भिण्याचं कामही तेच करत होते.

मग त्यांचे गुडघे अगदीच दुखायला लागले आणि मुलगी वर्ध्याहून येऊन म्हणाली, "बाबा, आता बस झालं एकट्यानं राहणं." सामान थोडंच होतं. पलंग, कपाट आणि पेट्या ट्रकवाल्याच्या गोदामापर्यंत न्यायच्या होत्या, मग बापलेकीला स्टेशनवर सोडायचं होतं. मुलगी टेंपो सांगत होती. काका म्हणाले, "टेंपो कशाला? आपली गाडी आहे."

निघायच्या दिवशी सामान भरलेली पिकअप नर्सरीत उभी होती. सगळ्यात मागे, गोणपाटात गुंडाळलेला कढीपत्ता, आता माझ्या खांद्याएवढा झालेला. मुलगी कुलूप लावायला मागे राहिली होती, तिला वाटेत घ्यायचं होतं. काका फाटकाशी आले, खिसे चाचपले, आत आले. बॉनेटवर हात ठेवला. पण या वेळी लगेच काढला आणि पालथ्या घातलेल्या कुंडीवर बसले.

"चहा आहे का?" त्यांनी विचारलं.

माझ्या हातातली झारी खालीच पडली. "काय होतंय काका? चक्कर येतेय का? अहो, ऐकलंत का, साखर आणा आधी!"

"काही होत नाहीये," काका म्हणाले. स्वच्छ, शांत, पुण्याच्या मराठीत. "सकाळी पोटभर नाश्ता केलाय. साखर बेताचीच घाला. आपण सगळेच घेऊ."

मी आत जाऊन चहा टाकला. पदराने डोळे पुसत होते आणि चहा उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडे बघत होते. काकांनी कप दोन्ही हातांत धरून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत चहा घेतला. महेश त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे होते. काकांनी कप माझ्या हातात दिला, महेशच्या आधाराने केबिनमध्ये चढून बसले आणि दार ओढून घेतलं.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. त्यांचं सगळं घर पाठीवर घेऊन ती आमच्या चढाला लागली. माझ्या समोरून जाताना मी खिडकीतून आत पाहिलं. काका बाहेर बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.